कोड भेटत नाही म्हणून "अनस्पेसिफाइड" टाकताय? आधी एवढं तपासा

सोमवारी सकाळी रेकॉर्ड रूम उघडली की टेबलावर शनिवार-रविवारच्या डिस्चार्ज फायलींचा गठ्ठा असतो, आणि त्यात एखादी फाइल अशी निघतेच की डॉक्टरांनी निदान स्वच्छ लिहिलंय, सही-शिक्का आहे, सगळं आहे, पण ते नाव कॉम्प्युटरमध्ये टाकलं की खाली काहीच येत नाही. आमच्याकडे डेटा एंट्रीला बसणारी ताई मग हाक मारते, "दादा, हे पाहा ना, काहीच भेटून नाई राहिलं." हे मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा सोडवलंय की आता एकदाचं नीट लिहूनच काढतो. आमचा दवाखाना पूर्व विदर्भात, तालुक्याच्या गावी, आजूबाजूला धानाची शेती आणि जंगल, त्यामुळे उदाहरणं सगळी इकडचीच आहेत, पण पद्धत कुठंही चालेल. प्रत्येक आजाराला ठरावीक कोड देणारी जागतिक आरोग्य संघटनेची यादी म्हणजे आयसीडी. आमच्याकडे तिची दहावी आवृत्ती, आयसीडी-१०, वापरतात, त्याच्याच हिशोबानं सांगतो.

आधी लक्षणं

नाव टाइप केलं की यादी कोरी येते, हे झालं सरळ लक्षण. दुसरं, कुठून तरी कोड शोधून आणला तर सॉफ्टवेअर "इनव्हॅलिड" म्हणते. तिसरं लक्षण पटकन दिसत नाही पण जास्त वाईट आहे, एकाच आजाराला सकाळच्या माणसानं एक कोड दिलेला असतो, रात्रपाळीच्या माणसानं दुसरा, आणि सुट्टीत बदली आलेल्यानं तिसराच. महिन्याच्या रिपोर्टमध्ये पॉइंट नऊवाले, म्हणजे "अनस्पेसिफाइड" कोड फुगत जातात, आर६९ म्हणजे "कारण माहीत नाही" हा कोड भलत्याच फायलींवर बसलेला दिसतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतली केस असेल तर क्लेम परत येतो, निदान आणि रिपोर्ट जुळत नाही म्हणून क्वेरी, आणि दवाखान्यातला योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, तुमच्या टेबलाजवळ येऊन उभा राहतो. आणि वर्षभरानं डॉक्टर विचारतात, मागच्या पावसाळ्यात असे किती पेशंट होते, तेव्हा तुम्हाला एकही काढून देता येत नाही कारण सगळे "इतर ताप" मध्ये गाडलेले असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. कोड नाही असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा कोड असतो, आपण चुकीच्या दारावर थाप मारत असतो. म्हणून खालच्या क्रमानंच जा, पहिल्या दोन गोष्टींना दोन मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही, शेवटच्या गोष्टींना दुसऱ्याचा वेळ लागतो.

टायपिंग पाहा, हसू नका

आयसीडी-१० चा कोड इंग्रजी अक्षरानं सुरू होतो आणि मग आकडे. घोळ होतो तो ओ आणि शून्यात, आय आणि एकमध्ये. आय१० म्हणजे ब्लडप्रेशर, ते कुणी एकशे दहा टाकलं की झालं इनव्हॅलिड. ओ८० म्हणजे नॉर्मल डिलिव्हरी, तिथंही तेच. काही सॉफ्टवेअरना मधला टिंब लागतो, काहींना चालत नाही, काहींना नावाआधी एक स्पेस पडली तरी सापडत नाही (केस पेपरवरून कॉपी-पेस्ट केलं की ही स्पेस हमखास येते). पुढचं काही करण्याआधी नाव खोडून हातानं पुन्हा टाइप करा, आणि पूर्ण नाव टाकू नका, पहिली पाच-सहा अक्षरंच टाका. स्पेलिंगमध्ये शेवटाकडे चूक असेल तर ती आपोआप टळते.

हे का महत्त्वाचं, तर इथं चुकलेला माणूस पुढच्या सगळ्या पायऱ्या उगाच चढतो आणि शेवटी डॉक्टरला त्रास देतो.

कोड कोणत्या पुस्तकातला आहे

हे मला सगळ्यात जास्त वेळा सापडलेलं कारण. मोबाइलवर आजाराचं नाव टाकलं की वर जे कोड येतात ते बहुतेक अमेरिकेचे असतात. अमेरिकेनं दहावी आवृत्ती घेऊन तिची आपली वेगळी, फार बारीक फोड केलीय, तिला आयसीडी-१०-सीएम म्हणतात, त्यात कोड सात अक्षरांपर्यंत जातात. आपल्याकडचा सहसा चार अक्षरांवर थांबतो. गौशे डिसीजचं अमेरिकेत ई७५.२२, आपल्याकडे ई७५.२. विल्सन डिसीज तिकडे ई८३.०१, आपल्याकडे ई८३.०. नाग चावला तर तिकडे टी६३.०४१ए, म्हणजे कोणता साप, अपघात की काय, पहिली भेट की पुढची, सगळं कोडातच. आपल्याकडे टी६३.० म्हणजे सापाचं विष, आणि कसं झालं त्यासाठी सोबत एक्स२०.

म्हणून कोड इनव्हॅलिड आला आणि तो पाच किंवा जास्त अक्षरांचा असेल तर बहुतेक वेळा उत्तर इथंच आहे. पण नुसती शेपटी कापून टाकायची सवय लावू नका, कारण काही ठिकाणी अमेरिकेनं चौथ्या अक्षराचाच अर्थ बदललाय. जागतिक आरोग्य संघटनेचा कोड शोधायचा ब्राउझर नेटवर फुकट आहे, तिथं जाऊन खात्री करा. जे लोक नागपूर-पुण्यात बसून अमेरिकन क्लेमचं कोडिंग करतात त्यांना हे उलट लागू, त्यांनी आमचे कोड वापरू नयेत.

नाव बदलून पाहा

इथं थोडा वेळ घालवा, निम्मं काम इथंच होतं.

स्क्रब टायफस घ्या. २०१८ साली नागपूर आणि आजूबाजूला याचे पेशंट एकामागं एक येऊन राहिले होते, गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्यानं होतो, अंगावर कुठंतरी काळी खपली असते. "स्क्रब" टाकलं की आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काहीच नाही. कारण कोडचं नाव आहे "टायफस फिव्हर ड्यू टू रिकेट्सिया सुत्सुगामुशी", ए७५.३. म्हणजे टायफसखाली शोधायला पाहिजे होतं. आणि त्यातही एक गंमत अशी की त्या जंतूचं नाव १९९५ मध्येच बदलून ओरिएन्शिया झालंय, लॅबचा रिपोर्ट ओरिएन्शिया म्हणून येतो आणि कोडबुक अजून रिकेट्सियावर आहे. रिपोर्टवरचा शब्द जसाच्या तसा टाकणारा माणूस कधीच पोचणार नाही.

तसंच २०२१ चं ब्लॅक फंगस. लोकांच्या तोंडी, पेपरात, कधी कधी रेफर चिठ्ठीवरसुद्धा ब्लॅक फंगस. कोडबुकात म्युकरमायकोसिस, बी४६, आणि नाक-डोळा-मेंदूकडचं असेल तर बी४६.१.

मी जे करतो ते असं: आधी पुढचा उपसर्ग काढून टाकतो, न्यूरो, पॉली, हायपर असं काही असेल ते. मग "डिसीज", "सिंड्रोम" हे शब्द काढून नुसतं माणसाचं किंवा जंतूचं नाव टाकतो. मग जुनं नाव. मग इंग्रजी-अमेरिकन स्पेलिंगचा फरक, ॲनिमियात एई की नुसता ई, एडिमात ओ आहे की नाही. मग आजार कुठल्या अवयवाचा ते.

आणि शॉर्टफॉर्म कधीही अंदाजानं उघडू नका. एमएस म्हणजे हृदयाची झडप आकसलेली पण असते आणि मल्टिपल स्क्लेरोसिस पण. पीआयडी हाडाच्या डॉक्टरकडून आलं तर मणक्याची गादी, बाईच्या डॉक्टरकडून आलं तर गर्भाशयाकडचं इन्फेक्शन. सीपी म्हणजे छातीत दुखणं की सेरेब्रल पाल्सी हे पेशंटचं वय पाहूनही ठरवू नका, विचारा.

इंडेक्स, मग यादी, दोन्ही

आयसीडी-१० तीन खंडांत आहे. पहिल्यात कोडांची क्रमवार यादी, दुसऱ्यात नियम, तिसऱ्यात अ पासूनचा इंडेक्स. सॉफ्टवेअरमध्ये सहसा पहिल्या खंडातली फक्त शीर्षकंच भरलेली असतात. त्या शीर्षकांखाली जी बारीक अक्षरातली नावं असतात ती नसतातच. दुर्मिळ आजार नेमके त्या बारीक अक्षरात राहतात. अलपोर्ट सिंड्रोम, झेलवेगर सिंड्रोम, लॉरेन्स-मून-बिडल, हे तिघं क्यू८७.८ खाली आहेत आणि शीर्षक फक्त "जन्मजात विकृतींचे इतर ठरावीक सिंड्रोम" अशा अर्थाचं. शीर्षकात शोधणाऱ्याला यातलं एकही दिसणार नाही. ई७५.२ मध्ये गौशे, फॅब्री, क्राबे, नीमन-पिक एवढे सगळे एकाच पिशवीत आहेत.

म्हणून तिसऱ्या खंडात नाव शोधा आणि कोड भेटला तरी तिथं थांबू नका, पहिल्या खंडात जाऊन त्या कोडाच्या वर-खाली "यात येतं" आणि "यात येत नाही" असं काय लिहिलंय ते वाचा. नुसत्या इंडेक्सवर भरवसा ठेवला की काय होतं ते मला एका फाइलनं शिकवलं.

गोंदियाकडचे एक आजोबा होते, सत्तरीच्या पुढचे. काठी टेकत आले, दोन्ही पाय ताठ, गुडघे एकमेकांना घासत, कात्री चालल्यासारखी चाल. तरुणपणी सलग काही महिने लाखोळीची डाळ आणि लाखोळीच्याच भाकरी खाल्ल्या होत्या, तेव्हा दुसरं काही नव्हतं घरात. डॉक्टरांनी लिहिलं न्यूरोलॅथिरिझम, म्हणजे सतत लाखोळी खाऊन येणारा पायांचा लकवा. सॉफ्टवेअरमध्ये शून्य. न्यूरो काढलं, लॅथिरिझम, इंडेक्समधून टी६२.२ भेटलं, म्हणजे खाल्लेल्या वनस्पतीतलं विष. मी ते टाकून मोकळा झालो. नंतर दुसरा खंड वाचताना कळलं की ते चुकलं. टी६२.२ हे ताज्या विषबाधेचं आहे. या आजोबांचं विष पोटात जाऊन चाळीसेक वर्षं झाली होती, आज उरलेत ते परिणाम. वर्षाच्या वर झालं की परिणामांचा कोड लागतो. म्हणजे आज जे आहे ते आधी, दोन्ही पायांचा ताठर लकवा जी८२.१, आणि सोबत टी९७, विषारी पदार्थाचे मागे उरलेले परिणाम. ती फाइल मी काढून दुरुस्त केली. माझ्या चुकीनं त्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये आमच्या तालुक्यात लाखोळीची ताजी विषबाधा दिसली असती, जी झालीच नव्हती, आणि पाहणाऱ्यानं ती खरी धरली असती.

फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचा

डिस्चार्ज कार्डाचं पहिलं पान वाचून कोडिंग करायचं नाही. मला माहीत आहे गठ्ठा मोठा असतो. तरी.

आमच्याकडे सिकलसेल घरोघरी आहे, त्याचे कोड तोंडपाठ असतात, पण त्यातले वेगळे प्रकार दुर्मिळ आहेत आणि तेच चुकतात. एक मुलगी आली, अकरावीत शिकणारी, हातपाय दुखतात म्हणून भरती. पहिल्या पानावर "सिकल पॉझिटिव्ह". एवढ्यावर काहीच कोड करता येत नाही, कारण सोल्युबिलिटी टेस्ट वाहक असला तरी पॉझिटिव्ह आणि आजारी असला तरी पॉझिटिव्ह. मधल्या पानावर इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, त्यात एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलचा आजार. इथं थांबलं असतं तर डी५७.१ किंवा दुखण्याचा झटका म्हणून डी५७.०. शेवटी एक पान पिनला अडकलेलं, मेडिकल कॉलेजमधून नंतर आलेला एचपीएलसीचा, म्हणजे त्याहून बारीक तपासणीचा रिपोर्ट, त्यात एस आणि डी असे हिमोग्लोबिनचे दोन वेगळे प्रकार. आई एस वाहक, बाप डी वाहक. नेहमीच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये डी हा एसच्याच जागी जाऊन बसतो, दोन्ही एकच दिसतात, म्हणून तिथं एसएस वाटलं होतं. एसडीला स्वतःच्या नावाचा कोड नाही, तो डी५७.२ मध्ये जातो, एससी, एसई आणि सिकल-थॅलॅसेमिया यांच्यासोबत. मी डॉक्टरांना रिपोर्ट दाखवला, त्यांनी निदान बदलून सही केली, मग कोड बदलला.

आणि डी५७.३ जपून. ते वाहकाचं आहे. वाहकाला आजाराचा कोड लागला की ती मुलगी कायमची आजारी म्हणून नोंदली जाते, गावात लग्नाच्या वेळी काय होतं ते आपण सगळे पाहतो. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेलचं मिशन चालू आहे, त्यात वाहक आणि आजारी यांची मोजणी वेगळी आहे, ती बरोबर राहणं आपल्या हातात आहे.

प्रश्नचिन्हवाल्या निदानाचं पण इथंच सांगून टाकतो. "? स्क्रब टायफस" असं लिहून पेशंट घरी गेला आणि पुढं काहीच माहिती नाही, तर आपल्या दुसऱ्या खंडाचा नियम असा की ते पक्कं समजून कोड करायचं. तपासून नाही निघालं तर झेड०३. अमेरिकेत ओपीडीच्या पेशंटला हा नियम नाही, तिथं संशय कोड करत नाहीत, म्हणून तिकडचे व्हिडिओ पाहून गोंधळू नका.

एका कोडात मावत नसेल तर दोन

दुर्मिळ आजार पुष्कळदा एका कोडात मावत नाही पण दोघांत बरोबर बसतो. कारण एक कोड, अवयवावर झालेला परिणाम दुसरा. दहाव्या आवृत्तीत यासाठी कट्यार (†) आणि चांदणीची (*) खूण आहे, कट्यार मूळ कारणाला, चांदणी परिणामाला, टीबीचा मेनिंजायटिस ए१७.० कट्यार आणि जी०१ चांदणी. चांदणीचा कोड एकटा कधीच द्यायचा नाही, आणि कट्यार आधी. बस, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरतं.

डॉक्टरला विचारा, पण नीट

आता इथून पुढं दुसऱ्याचा वेळ लागतो. विचारताना उत्तर त्यांच्या तोंडात घालू नका. "सर, इथं डी५७.० लिहू ना, क्लेमला बसतं" हा प्रश्न नाही, ही चूक त्यांच्या सहीनं पुढं ढकलणं आहे. मी असं लिहितो: "सर, पेशंट अमुक नंबर, निदानात अमुक शब्द आहे, अमुक तारखेच्या रिपोर्टमध्ये असं आलंय, अंतिम निदान काय धरावं ते लिहून सही द्यावी." फाइलला चिठ्ठी लावतो, फोनवरचं उत्तर घेऊन कोड करत नाही. डॉक्टर कामात असतात, चिडतातही, पण एकदा त्यांना दिसलं की त्यांच्याच पेशंटचा रेकॉर्ड यानं नीट राहतो की ते स्वतः हाक मारून सांगतात.

इथं एक मोकळं बोलतो. योजनेचा पॅकेज कोड आणि आयसीडी कोड ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅकेज उपचाराचं, आयसीडी आजाराचं. पॅकेजला जुळावा म्हणून शेजारच्या आजाराचा कोड टाकायचा, हे जवळपास सगळ्यांना कधी ना कधी कुणीतरी सुचवलेलं असतं. करू नका. क्लेम आज निघेल, पण त्या माणसाच्या नावावर त्याला नसलेला आजार चढतो, आणि पुढच्या दवाखान्यात तोच कागद खरा धरून औषध दिलं जातं.

खरंच कोड नाही, तेव्हा

आता उरतात ते खरे. चांदीपुरा घ्या. आपल्याच नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून त्या विषाणूचं नाव पडलं, १९६५ मध्ये तिथं सापडला, वाळूमाशीतून पसरतो, लहान लेकरांना झपाट्यानं बेशुद्ध करणारा मेंदूज्वर देतो. २००३ मध्ये आंध्र आणि महाराष्ट्रात, २०२४ मध्ये गुजरातेत किती मुलं गेली. एवढं असून दहाव्या आवृत्तीत त्या मेंदूज्वराला स्वतःच्या नावाचा कोड नाही.

अशा वेळी झाडावर वरून खाली उतरायचं. मी स्वतःला विचारतो, हा संसर्ग आहे का, मग पहिलं प्रकरण, ए आणि बी. जन्मजात असेल तर क्यू. गाठ असेल तर सी किंवा डीचा पहिला भाग. चयापचयाचा असेल तर ई. यातलं काहीच नसेल तरच अवयवाच्या प्रकरणात जायचं. चांदीपुराचा मेंदूज्वर म्हणजे संसर्ग, त्यात विषाणू, त्यात मेंदूज्वर. लॅबनं विषाणू सिद्ध केला तर मी ए८५.८ देतो, "इतर ठरावीक विषाणूजन्य मेंदूज्वर". विषाणूजन्य आहे पण कोणता ते कळलंच नाही तर ए८६.

आता हा आठ आणि नऊचा फरक. पॉइंट आठ म्हणजे आजार काय ते आम्हाला पक्कं माहीत आहे, पुस्तकात जागा नाही. पॉइंट नऊ म्हणजे आम्हालाच नीट माहीत नाही. इंडेक्समध्ये एनईसी (नॉट एल्सव्हेअर क्लासिफाइड) दिसलं की आठची बाजू, एनओएस (नॉट अदरवाइज स्पेसिफाइड) दिसलं की नऊची. दुर्मिळ आजार पक्का निदान होऊन आलेला असतो, कुणीतरी नागपूरला चकरा मारून, कर्ज काढून तपासण्या केलेल्या असतात, आणि आपण नऊ टाकून लिहितो की माहीत नाही. हे मला फार लागतं.

पॉइंट आठ टाकला की काम अर्धं झालं. त्या कोडात दहा आजार राहतात, म्हणून पूर्ण नाव शब्दांत लिहायलाच पाहिजे, सॉफ्टवेअरमध्ये रिमार्कची जागा असेल तिथं, नसेल तर डिस्चार्ज कार्डावर कोडाच्या खाली. शॉर्टफॉर्म नको. दुर्मिळ आनुवंशिक आजार असेल तर ऑर्फा नंबर पण लिहा, ऑर्फानेट नावाची यादी १९९७ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली, तिथं प्रत्येक दुर्मिळ आजाराला वेगळा नंबर आहे आणि पाहायला पैसे लागत नाहीत. ई७५.२ म्हटलं तर गौशे की फॅब्री कळत नाही, सोबत ऑर्फा ३५५ लिहिलं की गौशेच. याचा पुढं पेशंटला उपयोग होतो, कारण २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणाखाली ठरवलेल्या केंद्रात, मुंबईचं केईएम त्यातलं एक, मदतीची प्रक्रिया होते, ती ५० लाखांपर्यंत जाऊ शकते, आणि तिथं गेल्यावर आजाराचं नेमकं नाव लागतं.

आणि एक वही ठेवा. साधी दोनशे पानी. तारीख, रेकॉर्ड नंबर, डॉक्टरांनी लिहिलेलं नाव, दिलेला कोड, का दिला, कुणाला विचारलं. पेशंटचं नाव लिहायचं नाही, वही टेबलावर राहते. पुढच्या वेळी तोच आजार आला की रात्रपाळीचा माणूसही तोच कोड देतो. नवा कोड निघाला तर वहीतून जुन्या फायली काढता येतात, कोविडला २०२० मध्ये यू०७.१ निघाला तेव्हा आधीच्या फायली आम्ही अशाच शोधल्या. अकरावी आवृत्ती जगात जानेवारी २०२२ पासून लागू आहे, तिच्यात दुर्मिळ आजार पुष्कळ जास्त नावानिशी आहेत, आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ती येईल तेव्हा ही वही कामी येणार.

इथं थांबा, पुढं तुमचं काम नाही

दोन रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत आणि कोणता खरा ते ठरवायचंय, तर थांबा. ते फिजिशियन किंवा पॅथॉलॉजिस्टनं ठरवायचं. बायोप्सीत दुर्मिळ गाठ आहे आणि ती साधी की कॅन्सरची हे शब्दांतून स्पष्ट नाही, थांबा, सी आणि डी यात चूक म्हणजे घरच्यांचा जीव टांगणीला.

विषबाधेत हेतू ठरवू नका. फवारणीच्या दिवसांत, २०१७ मध्ये यवतमाळकडे जे झालं ते सगळ्यांना आठवतं, पेशंटसोबत प्लास्टिकच्या पिशवीत औषधाची बाटली येते. बाटलीवरचं मोठं नाव नाही, खालचं बारीक तांत्रिक नाव वाचा, प्रोफेनोफॉस असेल तर टी६०.०, पॅराक्वाट असेल तर ते तणनाशक, टी६०.३. एवढं आपण करू शकतो. पण फवारताना झालं म्हणून एक्स४८, की स्वतः घेतलं म्हणून एक्स६८, हे डॉक्टरांच्या लिखाणावरून आणि एमएलसीच्या (पोलिसांना कळवायच्या केसच्या) कागदावरूनच घ्यायचं, नातेवाईक बाहेर काय बोलले त्यावरून नाही. वाय१८ म्हणजे चौकशी करूनही ठरवता आलं नाही, फाइलमध्ये काही लिहिलं नाही म्हणून तो टाकायचा नाही. यावर घरच्यांना मिळणारी मदत आणि पोलीस केस दोन्ही अवलंबून असतं.

मृत्यूच्या फॉर्म ४ वर मृत्यूचं कारण आपण लिहायचं नाही, दुरुस्तही करायचं नाही, अक्षर लागत नसेल तरी नाही. सही करणाऱ्या डॉक्टरकडेच परत.

आणि एकाच प्रकारचा न जुळणारा ताप आठवड्यात तीन-चार फायलींवर दिसला तर कोड शोधत बसू नका, त्याच दिवशी मेडिकल ऑफिसरला सांगा, तालुका आरोग्य कार्यालयाला कळवणं त्यांच्या हातात आहे. साथ सुरू होताना कोड कुणाकडेच नसतो.

कोडिंगचाच पेच असेल, म्हणजे निदान पक्कं आहे पण जागा ठरत नाही, तर मेडिकल कॉलेजच्या रेकॉर्ड विभागातल्या प्रशिक्षित माणसाला विचारा. केंद्राचं सीबीएचआय (सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्स) आयसीडीचं प्रशिक्षण देतं, तिथून शिकून आलेला कुणीतरी जिल्ह्यात असतोच, शोधून ठेवा आणि नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. फोन लावताना फाइल उघडी ठेवा आणि रिपोर्टचं पान वर काढून ठेवा, कारण ते पहिलं तेच विचारतात.